मावसाजींचा मोर

नागपूर शहरात एके काळी जितके वाघ होते तितके आजूबाजूच्या साऱ्या जंगलांत मिळूनही नसतील, आणि ते सगळे माझ्या मावसाजींनी केले होते, असं मी म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती अगदी थोडी आहे. स्वतःच्या हाताने त्यांनी एकही वाघ केला नव्हता हे आधीच कबूल करतो. त्यांच्या हाती कुंचला दिला असता तर त्याचं कुठलं टोक रंगात बुडवायचं ते सांगावं लागलं असतं. पण लेकरांचे चेहरे रंगवणारी माणसं कुठून गोळा करायची, ती कोणत्या मैदानात कोणत्या झाडाखाली बसवायची, किती लेकरांमागे एक रंगारी लागतो आणि तो चहाला उठला की त्याच्या जागी कोण बसतो, हे शास्त्र या शहरात त्यांच्याआधी कोणाला ठाऊक नव्हतं आणि त्यांच्यानंतर कोणी शिकल्याचं मला दिसलं नाही. पोरांनी लाकडी बैल मिरवायचा तान्हा पोळा असो, शाळांचा आनंद मेळावा असो, नाहीतर गिरणीकामगारांच्या मुलांच्या खेळांचा दिवस असो; पाचशेच्या वर लेकरं जमणार असली की आयोजक आधी मांडववाल्याकडे जात आणि तिथून थेट मावसाजींच्या ओट्यावर येत. खरं तर ते फक्त माझे मावसाजी, म्हणजे माझ्या आईच्या बहिणीचे यजमान. मी मिरचीसाठी नावाजलेल्या भिवापूरहून कॉलेजसाठी त्यांच्याकडे येऊन राहिलो, पुढे नोकरी लागली तरी तिथेच राहिलो, आणि माझं ऐकून गल्लीतले लोक, रंगारी, फुगेवाले, इतकंच काय पण दूधवाला गवळीसुद्धा त्यांना मावसाजीच म्हणू लागला.

नोकरीने ते एका कापडगिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होते. कोणत्या मागावर कोण आलं, कोण नाही आलं, न आलेल्याच्या जागी कोणता बदली कामगार उभा करायचा, हे पाहण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि जगातलं कोणतंही काम याच रीतीने होतं अशी त्यांची पक्की समजूत होती. मैदानावर ते सकाळी सातला शिट्टी वाजवून रंगाऱ्यांची हजेरी घेत. नखं तपासत. ज्याच्या तोंडाला विडीचा वास येईल त्याला दोन लवंगा चघळायला लावून पिंपळाखाली बसवून ठेवत, कारण रंगाऱ्याच्या तोंडापासून लेकराचं नाक एका वितीवर असतं, हे त्यांनी खरोखर वीत घालून मोजलं होतं. रांगेत लेकराने किती वेळ उभं राहावं याचंही माप ठरलेलं होतं : फुटाण्यांचा एक पुडा संपेपर्यंत. पुडा संपला आणि नंबर आला नाही की मावसाजी शिट्टी फुंकत आणि बदली रंगारी धावत येई. मी एकदा म्हटलं, की काही पोरं हळूहळू खातात. त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "म्हणून तर मी रांगेतलं सगळ्यात हावरट पोट्टं हेरून ठेवतो ना गा."

पण हे सारं त्यांनी सुरू का केलं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मावसाजींना एकच मुलगी, सुमन. माझ्याहून वर्षाने मोठी. तिने तिच्याबरोबर शिकणाऱ्या एका मुलाशी लग्न केलं. मुलगा हुशार, सालस, रेल्वेत नोकरीला लागलेला. पण बौद्ध घरातला, आणि मावसाजींच्या घराण्याला आपल्या मोठेपणाचा फार अभिमान. मावसाजींचे थोरले भाऊ म्हणजे त्या घरातलं हायकोर्ट. त्यांनी धाकट्या भावाला देवघरासमोर उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली, की तिच्या दारात पाय ठेवणार नाही आणि तिला आपल्या दारात पाय ठेवू देणार नाही. मावसाजींनी मान खाली घालून शपथ घेतली. सुमन तेव्हा ओट्यावर उभी होती, तिला आतलं सगळं ऐकू येत होतं. बापाने एक शब्द तरी बोलावा म्हणून ती बराच वेळ तिथे थांबली, आणि मग गेली. दीड-दोन वर्षांनी मावशी गांधीबागेत लुगडं घ्यायला गेली तर तिथला जुना दुकानदार सहज म्हणाला, "तुमची सुमन आली होती ना मागच्या आठवड्यात, झबल्यासाठी मलमल घेऊन गेली." मावशी लुगडं न घेताच घरी आली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. मावसाजी रडले नाहीत. ते ओट्यावर बसून हिशेब करत होते, की सगळ्या शहरातली लेकरं एका जागी कधी आणि कुठे येतात. टाइम ऑफिसातल्या माणसाला नियमातला प्रत्येक शब्द पाठ असतो. शपथ दोन दारांची होती. मैदानाबद्दल थोरल्या भावाने काहीच म्हटलं नव्हतं.

म्हणून मावसाजी दार असलेल्या जागेचं काम कधीही घेत नसत. लोकांना हा त्यांचा निव्वळ विक्षिप्तपणा वाटे. इतवारीतल्या एका मोठ्या व्यापाऱ्याच्या नातवाचा वाढदिवस होता, मंगल कार्यालय ठरलं होतं, सातशे माणूस येणार होतं. मावसाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दार हाये का तिथे?" व्यापाऱ्याला वाटलं चोरीची भीती आहे, तो कौतुकाने म्हणाला, "हाये ना! सागवानी हाये." मावसाजी म्हणाले, "मग नाई जमत." व्यापारीही हट्टी. दुसऱ्या दिवशी त्याने सुतार लावून कार्यालयाचं दार बिजागऱ्यांसकट काढून ठेवलं आणि मावसाजींना टांग्यात घालून दाखवायला नेलं. मावसाजींनी त्या उघड्या भगदाडाकडे पाहिलं, वर पाहिलं, खाली पाहिलं आणि हात जोडून म्हणाले, "चौकट तर हायेच ना, शेटजी." बिनदाराचं कार्यालय त्या वाढदिवसाला कसं दिसलं कोण जाणे, पण मावसाजी काही गेले नाहीत.

माणसं मात्र त्यांनी अशी जमवली होती की प्रत्येकावर एकेक बखर लिहावी. पहिले मिळाले ते उस्ताद, मोहरमात अंगावर वाघ रंगवण्यात हयात घालवलेले. त्यांना सवय तालमीतल्या गड्यांची, तेलाच्या रंगांची. पहिल्याच तान्ह्या पोळ्याला त्यांनी आमच्या गल्लीतल्या एका मास्तरांच्या मुलाचा असा वाघ केला, की मास्तर दोन पावलं मागे सरले. फक्त तो वाघ निघेना. साबण झाला, बेसन झालं, खोबरेल झालं. आठ दिवस ते पोर वाघ होऊन हिंडत होतं, आणि मधेच आली चाचणी परीक्षा. हेडमास्तरांनी त्याला वर्गात घ्यायचं नाकारलं, तेव्हा मावसाजी अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाळेत गेले आणि म्हणाले, "सर, तोंड वाघाचं हाये, पण पाठांतर त्याचंच हाये." पोराला बसू दिलं. गणितात ते तेव्हा पहिल्यांदा पास झालं. गणिताचे सर त्याच्याकडे पाहून रागावूच शकले नाहीत म्हणतात. उस्तादांनी मात्र कपाळाला हात लावला. "बाबूजी, मैं तो पक्का रंगही जानता हूँ. कच्चे का काम मैंने कभी किया नहीं." त्या दिवसापासून मावसाजींनी रंग घरी करायला घेतले. सफेदा, हळद, कुंकू, काजळ, नीळ, सगळं खोबरेल तेलात मावशीच्या खलबत्त्यात खलायचं. आम्ही एकदा निळी चटणीही खाल्ली. आणि प्रत्येक रंग आधी स्वतःच्या गालावर लावून, झोपून, सकाळी धुऊन पाहायचा. रंग गेला तर लेकरांसाठी पास, नाही गेला तर मावसाजी तसेच गिरणीत. हिरवा गाल घेऊन ते टाइम ऑफिसात बसलेले दिसले की कामगार समजत, आठवड्याभरात कुठेतरी मेळावा आहे.

दुसरा, चितार ओळ नावाच्या गल्लीतला मूर्तिकार. त्याला सगळे चितारी म्हणत. त्याचा हात अतिशय गोड, पण तान्हा पोळा येतो तो नेमका गणपतीच्या तोंडावर, तेव्हा त्याला घरातून उठवून आणणं म्हणजे महाकर्मकठीण. "मावसाजी, चाळीस गणपती डोळ्यांवाचून बसून राहिले हायेत घरी," तो गयावया करी. मावसाजी म्हणत, "देव थांबते गा. लेकरू थांबत नाई." एके वर्षी असाच ओढून आणलेला चितारी दिवसभर काम करत होता, आणि डोक्यात घरचे चाळीस गणपती. एका तीन वर्षांच्या मुलीने डोळे मिटून घेतले होते, तर त्याने तिचा सगळा चेहरा गौरीसारखा रंगवला, आणि मूर्तीची सवय असल्यामुळे शेवटी हात जोडून तिच्या मिटल्या पापण्यांवर दोन टपोरे डोळे काढले. मुलगी डोळे मिटले की टक लावून पाही आणि उघडले की साधी दिसे. तिची आई किंचाळली, आजीने मात्र खाली वाकून तिच्या पायांना हात लावला. तिसरा फुगेवाला, खापा गावचा विणकर. त्याची गाठ कधी सुटली नाही, मात्र लांब फुगे पिळून त्याला एकच जनावर करता येई, आणि ते कुत्रं होतं. मुलाने हत्ती मागितला की तो कुत्रं देई आणि म्हणे, "हत्तीच हाये बाप्पा. लहान हाये अजून, सोंड यायची हाये." पोरं पटल्यासारखी घेऊन जात. मावसाजींना हे समजलं होतं, पण ते त्याला काढायला तयार नव्हते. ते म्हणत, जो माणूस लेकराला रिकाम्या हाताने परत पाठवत नाही तो आपल्या कामाचा.

या सगळ्यांवर मावसाजींचा एक सक्तीचा नियम होता आणि त्याला सगळेच कंटाळले होते. रंगाला हात लावण्याआधी लेकराला विचारायचं : नाव काय, आणि आईचं नाव काय. आयोजकांना सांगायचे, हरवलेलं पोर सापडायला बरं पडतं. रंगारी आपसात त्याला जनगणना म्हणत. आईचं नाव सुमन निघालं की रंगाऱ्याने हात वर करायचा, मग मावसाजी येऊन त्या लेकराकडे पाहत, आणि त्याच्या आईकडे पाहत, आणि परत जात. आता त्या काळात सुमन हे नाव घरोघरी. एकेका मेळाव्यात पाच-सहा हात वर होत. एका सुमनचा नवरा पोलिसात होता. त्याने मावसाजींचा दंड धरला. "काय पाहून राहिले बा तुमी माझ्या बायकोकडे?" मावसाजी म्हणाले, "तुमची बायको नाई पाहून राहिलो. माझी पोरगी नाई ना, ते पाहून राहिलो." मग त्यांनी त्याला सगळं सांगितलं. तो धिप्पाड माणूस इतका गलबलला की तडक लाउडस्पीकरवाल्याकडे गेला, आणि मैदानभर आवाज घुमला, की ज्या ज्या बायांचं नाव सुमन आहे त्यांनी स्टेजजवळ यावं. बक्षीस असेल असं समजून अकरा सुमन जमा झाल्या. त्यांच्यात आमची नव्हती. मावसाजींनी प्रत्येकीला एकेक कुत्रं दिलं आणि आम्ही घरी आलो. त्या दिवशी ते जेवले नाहीत, पोट बरं नाही म्हणाले.

अशी चार वर्षं गेली. पाचव्या तान्ह्या पोळ्याला पाऊस नुकताच उघडला होता, मैदानात चिखल, पोरांच्या लाकडी बैलांची चाकं रुतत होती. चिताऱ्याचा हात वर झाला. मी आणि मावसाजी गेलो. पुढ्यात पाच-एक वर्षांची एक सावळी मुलगी बसली होती. हातात बैल नव्हता, ती नुसतीच रंगायला आली होती. नाव विचारलं तर म्हणाली, प्रज्ञा. मावसाजींनी तिच्याकडे पाहिलं आणि मग भोवताली नजर टाकली. पंचवीस-तीस पावलांवर भुट्टे भाजणाऱ्या बाईच्या शेगडीजवळ एक बाई आमच्याकडे पाठ करून उभी होती. पाठ आणि अंबाडा एवढंच दिसत होतं. पण बापाला किती दिसायला लागतं? मावसाजींनी माझा हात धरला आणि तो इतका घट्ट धरला, की माझ्या बोटात अंगठी होती ती रुतली. मला वाटलं आता ते हाक मारतील. त्यांनी हाक मारली नाही. चिताऱ्याला म्हणाले, "ऊठ गा तू. चहा पिऊन ये." आणि स्वतः त्याच्या जागी बसले.

"काय काढू वं?" त्यांनी विचारलं.

"मोर," प्रज्ञा म्हणाली.

जन्मात कुंचला न धरलेल्या माणसाने मोर काढायला घेतला. चितारी चहाला गेलाच नव्हता, तो मागे उभा राहून जीभ चावत होता. डोकं झालं, मान झाली, मान फार लांबली म्हणून ती पुसली, पुसताना निळा आणि पिवळा एकत्र झाले, पिसारा कानात गेला. शेवटी जे झालं ते फार तर भिजलेली कोंबडी म्हणता आलं असतं. प्रज्ञाने आरशात पाहिलं. बराच विचार करून ती म्हणाली, "हा मोर नाई."

"नाई," मावसाजी म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "चुकला. पुढच्या वर्षी ये, नीट काढतो."

ती पळत शेगडीजवळ गेली. त्या बाईने तिचा चेहरा हनुवटीला धरून वर केला, खूप वेळ पाहिला, आणि आमच्याकडे न वळता तिला घेऊन गेली.

पुढच्या वर्षी ती आली. त्याच्या पुढच्या वर्षीही आली. मावसाजी दर वर्षी मोर काढत आणि दर वर्षी तो चुकत असे. कधी बगळा होई, कधी घुबड, एकदा तर उस्तादांनी मनापासून विचारलं, "ये ऊँट है ना?" प्रज्ञा आरशात पाहून ठरलेलं वाक्य म्हणे, मावसाजी ठरलेलं उत्तर देत. नऊ-दहा वर्षांची असताना ती एकदा म्हणाली, "आबा, हाही मोर नाई," आणि मावसाजींच्या हातून पिवळ्या रंगाची वाटी उलटी झाली. आबा म्हणायला तिला कोणी सांगितलं होतं की आपणहून म्हणाली, ते आम्हाला कळलं नाही. सुमन दर वर्षी येई आणि पाठ करून उभी राही. तिचा राग मला समजत होता. बापाने हाक मारल्याशिवाय ती वळणार नव्हती, आणि ज्याने एकदा मान खाली घातली त्याच्या तोंडून ती हाक निघत नव्हती. मावसाजी तिची पाठ पाहूनच सगळं ओळखत. घरी येऊन मावशीला सांगत, "बारीक झाली यंदा. खाँसी झालती वाटते." किंवा, "बरी दिसली. नवं लुगडं होतं." मावशी पोळ्या लाटता लाटता ऐके आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावी. थोरले भाऊ वारले तेव्हा सगळ्यांनी मावसाजींना सांगितलं, आता सुटलात, जा तिच्याकडे. ते म्हणाले, "शपथ देणारा गेला. घेणारा हाये ना अजून." तेव्हा मला त्यांचा राग आला होता.

याच सुमारास एका रविवारी मी माळ्यावर काही शोधत होतो, तर मला एक पाटी सापडली. तिच्यावर खडूने एक मोर काढलेला होता. देखणा, मान वळवलेला, पिसाऱ्यातला एकेक डोळा जागच्या जागी. मला वाटलं चिताऱ्याची असेल. मी खाली आणून मावसाजींना दाखवली तर ते एवढेसे झाले. पाटी माझ्या हातून घेऊन त्यांनी बाहीने पुसून टाकली. "घरी जमते," ते म्हणाले. "मैदानात हात हालते." मी खुळा, मला ते खरं वाटलं. मी त्यांना म्हणालो, सराव करा, जमेल. ते हो म्हणाले.

मावसाजी गिरणीतून निवृत्त झाले, मग छातीचं दुखणं मागे लागलं. डॉक्टरांनी धूळ आणि गर्दी बंद केली. एकेक मेळावा सोडत सोडत त्यांनी फक्त तान्हा पोळा ठेवला. त्या शेवटच्या वर्षी आम्ही त्यांना रिक्षातून मैदानात नेलं. उस्ताद आता नव्हते, चिताऱ्याला चष्मा लागला होता, खाप्याचा विणकर तेवढा तसाच होता आणि कुत्रीच करत होता. रांगेत टीचभर पोरांच्या मधे एक उंच मुलगी उभी होती. पंजाबी ड्रेस, दोन वेण्या, काखेत कॉलेजची वही. मंडळाचा एक कार्यकर्ता तिला म्हणाला, "ताई, ही लाइन लेकरांची हाये." ती म्हणाली, "मले मोर काढायचा हाये," आणि जागची हलली नाही. पुढचं पोर फुटाणे खात होतं, त्याने तिलाही चार दिले.

तिचा नंबर आला. मावसाजींनी रंग जवळ ओढले. नेहमीची चेष्टा नाही, आईचं नाव काय म्हणून खोटं खोटं विचारणं नाही. धाप लागत होती, तरी कुंचला हातात घेतल्यावर त्यांचा हात एकदाही हलला नाही. मी शेजारीच होतो, मी तो हात पाहत होतो. भुवईवरून मान निघाली, गालावरून पिसारा उतरला, एकेक पीस, एकेक डोळा. अर्धा तास लागला. मागची रांग वाढत गेली, फुटाणे संपले, पण शिट्टी वाजवायची कोणाची छाती झाली नाही. मावसाजींनी कुंचला खाली ठेवला आणि आरसा तिच्या हातात दिला.

प्रज्ञाने आरशात पाहिलं. मोर होता. एवढा सुंदर मोर त्या मैदानात कधी कोणी काढला नव्हता. ती पाहत राहिली, मग आरसा बाजूला करून तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"आबा, म्हणा ना," ती म्हणाली.

"काय म्हणू?"

"दर वर्षी म्हणता ते."

मावसाजी कुंचला पाण्यात धूत राहिले. पाणी निळं झालं होतं तरी धूत राहिले. तेव्हा मला कळलं, आणि माझ्याआधी तिला कळलं, की आता पुढचं वर्ष नाही. ती मोठ्याने रडली, सतरा वर्षांची मुलगी, सगळ्या पोरांसमोर. मग उठून शेगडीकडे धावली. आईसमोर उभी राहून तिने काही सांगितलं का, मला ऐकू आलं नाही. पण सुमनने तो चेहरा पाहिला, आणि ती वळली.

ती चिखलातून चालत आली आणि त्यांच्या समोर उभी राहिली. केस पिकायला लागले होते. एवढ्या वर्षांनी बाप आणि मुलगी समोरासमोर आले होते, आणि बापाने काय बोलावं याचा मी किती वेळा विचार केला असेन. मावसाजी वर पाहून म्हणाले, "जेवलीस का वं?"

सुमनने मान हलवली. नाही.

"मग बस."

लेकरं बसायची त्या बुटक्या स्टुलावर ती बसली. विणकराने कुठूनतरी भजी आणली. आम्ही सगळे लांब सरकलो. ते दोघं मैदान रिकामं होईपर्यंत बोलत होते. काय बोलले म्हणून मी रिक्षात विचारलं, तर मावसाजी म्हणाले, "काई नाई गा. तिखट कुठून घेते म्हणून विचारलं. म्हणते, बाजारातून. मी म्हटलं, काहून? आपल्याकडे भिवापूरचं असते ना." घरी पोचेपर्यंत ते त्याच गोष्टीबद्दल बोलत होते, की पोरगी इतकी वर्षं बाजारचं तिखट खाते आहे.

त्या हिवाळ्यात मावसाजी गेले. आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाला आलो आहे. त्यांची शिट्टी, तो हिरवा गाल, लवंगांचा वास, सगळं आठवतं, आणि ती माणसं पुन्हा एकदा पिंपळाखाली हजेरीला उभी राहिलेली पाहावीत असं फार वाटतं. लोकांना मी त्यांच्या गमती सांगतो आणि लोक हसतात. शपथेपाशी आलं की लोक म्हणतात, काय हट्टी माणूस होता. मी हो म्हणतो. पण शपथ त्यांनी घेतली होती, मी घेतली नव्हती. सुमनचं घर आमच्या घरापासून तीन मैलांवर होतं, पत्ता मला पहिल्या वर्षापासून माहीत होता. माझ्याकडे सायकल होती, आणि कचेरीत जाताना तिच्या घराकडे वळणारा रस्ता मला रोज लागत असे.